शिवडनची बाई

आमच्या शेजारच्या इंदूकाकी चालू व्हिडिओ अर्ध्यावर सोडून उठत नाहीत. व्हिडिओ कसलाही असो. समोरचा माणूस बोलतोय म्हटल्यावर त्याचं बोलणं संपेपर्यंत बसायचं, असा त्यांचा नियम आहे. कुकरच्या शिट्ट्या होवोत, दारात भाजीवाला ओरडो, नाना आतून चहा मागोत, काकी हलत नाहीत. एकदा नारायणगावच्या टोमॅटो बाजारातून कुणीतरी थेट प्रक्षेपण करत होतं, ते त्यांच्याकडून चुकून लागलं. काकींचा टोमॅटोशी संबंध कोशिंबिरीपुरता. तरी त्या दोन तास बसल्या, कारण तो माणूस मध्ये थांबलाच नाही. त्या दिवशी करपलेल्या वरणाचा वास आमच्याही घरात संध्याकाळपर्यंत होता. मी विचारलं, काकी, बंद का नाही केलंत? तर म्हणाल्या, "मानूस बोलतंय आन् आपुन उठून जायाचं, बरं दिसत न्हाई."

"बरं दिसत न्हाई" या तीन शब्दांवर काकींचं सगळं राज्य चालतं. जाहिरात आली की ती वगळायचं बटण खाली येतं. ते काकींनी आजवर दाबलेलं नाही. बिचारं आत्ता कुठं आलंय, त्याला लगेच हाकलायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे घराच्या स्लॅबला कोणतं सिमेंट चांगलं आणि गुंतवणूक करण्याआधी कोणते कागद वाचावेत हे आमच्या आळीत सगळ्यात जास्त त्यांना माहीत आहे. व्हिडिओत कुणी वडीलधारा पुरुष आला की त्यांचा पदर आपोआप डोक्यावर जातो. शेवटी हात जोडून कुणी चॅनेलला जोडून घ्या म्हणालं तर त्यांना नाही म्हणवत नाही. अशा रीतीने त्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सपासून पोलीस भरतीच्या गोळाफेकीपर्यंत अनेक विषयांशी जोडल्या गेल्या आहेत. एक तरुण ताटभर मटण पुढ्यात घेऊन एकटाच खातो, असा एक व्हिडिओ त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. पण त्या मुलावर त्या दोन दिवस नाराज होत्या. एवढं घेऊन बसला, पण जेवता का म्हणून एकदाही विचारलं नाही, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

जुन्नरच्या बाजारपेठेमागच्या आळीत आमची आणि त्यांची भिंतीला भिंत आहे. मी इथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून काकी मला मास्तर म्हणतात. त्यांचे यजमान नाना पाटबंधारे खात्यात कालव्यावर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण कालवा अजून त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. सकाळी उठल्यावर ते फोनवर डिंभे धरणाची पातळी बघतात आणि ती मोठ्याने वाचून दाखवतात. आळीत त्या पातळीची कुणाला गरज नसते. मूळचे दोघेही महाळुंगे पडवळचे. नोकरीपायी जुन्नरला आले ते इथलेच झाले. मुलगा चाकणला असतो. फोन त्यानेच घेऊन दिला, आईचा वेळ जावा म्हणून.

खरं तर काकींचा वेळ फोनच्या आधीही जात होता. गोधडी ही त्यांची विद्या. जुनी लुगडी, धोतरं, परकर अंथरून त्यावर असा धावदोरा घालतात की टाक्यांच्या ओळी वहीत आखल्यासारख्या सरळ जातात. महाळुंग्याला असताना दिवाळीनंतरच्या दुपारी सहा-सात बाया एका गोधडीभोवती बसायच्या. सगळ्या गावाच्या भानगडी त्या धाग्यात ओवल्या जायच्या. जुन्नरला आल्यावर काकी एकट्याच बसू लागल्या. आता तर कुणी शिवतच नाही. सुनेनं वाघाचं चित्र असलेली गुबगुबीत ब्लँकेटं आणली. ज्या तालुक्यात बिबट्याच्या धास्तीनं लोक दिवेलागणीला दारं लावून घेतात, तिथं माणसं वाघ पांघरून कशी झोपतात हे काकींना कळत नाही. तरी त्या वर्षाला दोन गोधड्या शिवतात. आळीत मूल जन्मलं की एक देतात. ती गोधडी बारशाच्या दिवशी सगळ्यांना दाखवली जाते आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावर जाते. हे काकींना ठाऊक आहे, पण त्यांनी कधी बोलून दाखवलेलं नाही.

तर अशा या काकींना दोनेक वर्षांपूर्वी फोनमध्ये एक बाई सापडली.

एका दुपारी त्यांनी भिंतीवर थापा मारल्या. आमच्यात ही बोलावण्याची पद्धत आहे. गेलो, तर काकी पाटावर स्टीलचा डबा ठेवून त्याला फोन टेकवून बसल्या होत्या. पडद्यावर पिकल्या केसांची एक गोरी बाई मोठ्या लाकडी टेबलाशी बसून कापडाचे तुकडे जोडत होती. खिडकीबाहेर बर्फ होतं. मध्येच एका म्हाताऱ्याचे दोन हात यायचे, कापडाचं टोक ताणून धरायचे आणि निघून जायचे. म्हातारा स्वतः कधी दिसला नाही.

काकी म्हणाल्या, "मास्तर, ही काय बोलती सांग."

मी ऐकलं. एक अक्षर कळलं नाही. काकी माझ्याकडे अशा बघू लागल्या, जणू माझी नोकरी वशिल्यानं लागली असावी. इंग्रजीच्या मास्तराला सगळ्या गोऱ्या माणसांचं बोलणं कळतं, अशी त्यांची समजूत होती. ती मी खोडून काढायला हवी होती. पण माझाही काही मान आहे, म्हणून मी म्हटलं, आवाज नीट येत नाहीये. घरी येऊन शोधलं, तेव्हा कळलं की बाई स्वीडनची आहे. काकींना सांगितलं, तर त्यांना जराही नवल वाटलं नाही.

"शिवडन," त्या म्हणाल्या. "नावातच शिवनं हाये. गावच शिवनाऱ्यांचं असंल."

तेव्हापासून ती शिवडनची बाई झाली. तिचं खरं नाव अक्षरांच्या डोक्यावर टिंबं असलेलं होतं आणि ते आमच्या दोघांच्याही तोंडात बसेना. दर रविवारी तिचा एक व्हिडिओ येई. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की काकी केस विंचरून, सुई-दोरा घेऊन फोनसमोर बसत. ती तिकडे शिवे, या इकडे. भाषेची अडचण फक्त मला वाटत होती. काकी मला खुशाल सांगत, आज बाईची कंबर धरली आहे, आज तिला निळं कापड कमी पडलं, आज सून येणार आहे म्हणून ती घाईत आहे. मी विचारलं, सून येणार हे कशावरून? तर म्हणाल्या, टेबल पुसलंय की.

ताकाची भानगड याच सुमारास सुरू झाली. व्हिडिओ संपताना ती बाई हसून काहीतरी म्हणायची आणि त्याच्या शेवटी स्पष्ट ऐकू यायचं, "ताक, ताक." मीही ऐकलं. अगदी आपलं ताक. काकींचा जीव गलबलला. एवढा वेळ मान मोडून शिवते आणि शेवटी मागते काय, तर ताक. दूध नाही, चहा नाही. मागितल्यावर नाही म्हणणं काकींच्या घराण्यात नाही. पुढच्या रविवारपासून त्यांनी ताक घुसळायला सुरुवात केली. व्हिडिओ संपला की पेलाभर ताक फोनजवळ ठेवायच्या. जिरं, मीठ, वरून कोथिंबीर. पाच मिनिटांनी भिंतीवर थाप पडायची आणि ते ताक बाईच्या वतीनं मी प्यायचो. थंडीतही प्यायचो. एका डिसेंबरात मला खोकला झाला, तेव्हा काकींनी मिरपूड घालून दिलं.

कधीतरी एका रिकाम्या तासाला मी तो शब्द शोधून काढला. स्वीडनच्या भाषेत ताक म्हणजे आभार. बाई रविवारी आभार मानत होती आणि जुन्नरला ताक घुसळलं जात होतं. हे सांगावं की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. विचारात ताकाच्या चवीचा थोडा वाटा होता हे कबूल करतो. शेवटी नानांना विश्वासात घेतलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, कालव्याला पानी सोडलं की चालू आवर्तन मधीच बंद करू ने. खालच्यांचे हाल व्हत्यात." खालचा म्हणजे मी. विषय तिथंच मिटला.

काकी बाईशी बोलायच्याही. फोनचा माइक दाबून त्या व्हिडिओखाली आपलं मत नोंदवत. एकदा त्यांनी सांगितलं, बाई, टाका लई लांब पडतोय, गोधडी उसवंल. फोननं ते आपल्या अकलेनं लिहिलं: "बाई टाका लई लांब पडतोय गाढवी उसळ." त्यावर बाईनं एक लाल बदाम पाठवला. काकी म्हणाल्या, पटलं तिला. पुढच्या रविवारी टाके खरोखरच आखूड झाले आहेत असं त्यांनी मला दाखवलं. मला ते होते तेवढेच दिसले, पण मी ताक पीत होतो.

त्या म्हाताऱ्याच्या हातांवरून मात्र घरात धुसफूस असायची. काकी नानांना म्हणत, बघा, तिचा मालक कसा टोक धरतो. नाना म्हणत, त्याच्या गावाला कालवा नसंल, मोकळा असतोय. तरी काकींच्या आवाजात तक्रारीपेक्षा कौतुक जास्त असायचं. परदेशात का होईना, असा नवरा असतो याचं त्यांना बरं वाटत असावं.

यंदा पावसाळा सरल्यावर एका रविवारी व्हिडिओ आला नाही.

काकींना आधी वाटलं फोनच बिघडला. बाजारपेठेतल्या मोबाइलच्या दुकानात नेऊन दाखवला. दुकानदारानं तो पुसून परत दिला. दुसऱ्या रविवारीही काही नाही. नाना म्हणाले, आवर्तन संपलं असंल, पुढचं सुटंल की. तिसऱ्या रविवारी काकी केस विंचरून, सुईत दोरा ओवून बसल्या आणि दोन तासांनी तशाच उठल्या. गोधडीत एक टाका पडला नव्हता. मीच आपणहून गेलो होतो. खोटं कशाला बोलू, ताकाची सवय झाली होती. पण काकींचा चेहरा बघून ताकाचं नाव काढवलं नाही.

मी म्हटलं, काकी, शिवणकामाचे दुसरे कितीतरी व्हिडिओ आहेत. एखादा लावून देऊ का?

त्यांनी सुई पदराला टोचली. "हितं आता माझ्यासंगट कोन शिवतंय, मास्तर? ती बसली की आमी दोघी बसल्यावानी वाटायचं. दुसरी लावली तर ती दुसरी. ही कुटं गेली ते मला कळाया नको?"

चौथा रविवारही तसाच गेल्यावर म्हणाल्या, चौकशी करायला हवी. शेजारीण चार रविवार दिसली नाही तर आपण तिच्या दारात जातोच की. माइकवर त्यांचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून त्यांनी सांगायचं आणि मी बाईच्या भाषेत करून लिहायचं असं ठरलं. काकींनी सांगितलं, बाई, घरचं सगळं बरं हाय ना, काही दुखणंखुपणं न्हाई ना, चार रविवार झालं, जीव लागंना. मी ते फोनमधल्या भाषांतराच्या यंत्राला दिलं. खात्री करावी म्हणून तेच पुन्हा मराठीत आणलं, तर आलं: "महोदया, घराची अवस्था ठीक आहे का? दुखापत किंवा टोचणी तर नाही ना? चार रविवारपासून जीवन चिकटत नाही." घराच्या डागडुजीचं कंत्राट घेणाऱ्यानं लिहावं तसं ते वाटत होतं. दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून तसंच पाठवलं. काकी रोज विचारायच्या, बदाम आला का. बदाम आला नाही.

पाचवा रविवारही कोरडा गेला. सहाव्या रविवारी दुपारी भिंतीवर लागोपाठ थापा पडल्या. मी चप्पल न घालताच गेलो.

व्हिडिओ आला होता. तेच टेबल, तीच खिडकी, बाहेर बर्फ अजून पडलेलं नव्हतं. बाई बसली होती. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं म्हणालो, बघा काकी, आली की नाही, उगीच काळजी करत होतात. काकींनी मला हातानं गप्प केलं.

बाई बोलत नव्हती. नेहमी आल्या आल्या हात हलवून काहीतरी म्हणायची, तेही नाही. टेबलावर कापडाची चळत होती. त्यातलं एकेक घेऊन ती हातानं सारखं करी आणि मग कात्री लावी. मला वाटलं, नवी गोधडी सुरू केली आहे. पुढची दहा-बारा मिनिटं फक्त कात्रीचा आवाज येत होता.

काकी हळूच म्हणाल्या, "मालक गेलं तिचं."

मी म्हटलं, काहीतरीच काय काकी. बाई एक शब्द बोलली नाही, तुम्हाला कसं कळलं?

"शर्ट कापतीय बघ. धड हायेत सगळं. एकाची कॉलर इरलेली न्हाई. धडका शर्ट कोन कापतं, मास्तर? घालनारा ऱ्हायला न्हाई मंगच."

मी पुन्हा पाहिलं. आता मलाही दिसले. चौकटीचा, पट्ट्यांचा, एक पांढरा. म्हाताऱ्याचे हात ज्या बाह्यांतून यायचे त्या बाह्या मी दोन वर्षं पाहिल्या होत्या आणि ओळखल्या नव्हत्या. व्हिडिओखाली दोनच ओळी होत्या. घरी येऊन यंत्रातून काढल्या, तर एक पुरुषाचं नाव होतं, त्याच्यापुढे दोन सालं, त्यातलं दुसरं यंदाचं, आणि खाली लिहिलं होतं, "त्याचे सदरे." मला फार वाईट वाटलं. लाजही वाटली. हातात यंत्र असून मला जे कळायला तासभर लागला, ते काकींनी कापड बघून ओळखलं होतं. त्यात मी आनंदानं ओरडलोही होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकींनी मला बोलावलं. नाना धुतलेली टोपी घालून खुर्चीवर बसले होते. एरवी ते त्या फोनकडे फिरकत नसत, पण दुःखाला जायचं तर दोघांनी जायचं असतं. काकींनी डोक्यावरून पदर घेतला होता. सुई-दोरा कुठे दिसत नव्हता. मला त्यांनी तोच व्हिडिओ लावायला सांगितला. मी विचारलं, खाली काय लिहू?

"काय लिव्हतोस?" काकी म्हणाल्या. "आशा येळंला जाऊन नुसतं बसायचं असतं. बस तू बी."

मग आम्ही तिघं बसलो. ती शर्ट कापत राहिली आणि आम्ही बघत राहिलो. नानांनी एकदा घसा खाकरला आणि सवयीनं, दुःखाच्या घरी विचारतात तसं, हळूच विचारलं, कवा झालं? मी आदल्या दिवशी वाचलं होतं तेवढंच सांगितलं, यंदाच. त्यांनी मान हलवली. व्हिडिओ संपल्यावर दोघं उठले आणि न बोलता आत गेले. काकी असं तेरा दिवस बसल्या. नाना पहिल्या आणि शेवटच्या दिवशी.

तेराव्यानंतर काकींनी कपाटावरचं गाठोडं खाली काढलं. येत्या थंडीत नातवासाठी गोधडी शिवायची म्हणून त्यांनी नानांचे जुने शर्ट त्यात बांधून ठेवले होते. पाच शर्ट होते. काही कालव्यावरच्या नोकरीच्या काळातले. काकींनी गाठोडं सोडलं, शर्ट धुतले, कॉलरी उलट्या करून पुन्हा शिवल्या, तुटलेली बटणं लावली, दोन ठिकाणी एवढं बारीक रफू केलं की हात लावल्याशिवाय कळू नये. इस्त्री करून खिळ्याला अडकवले आणि नानांना सांगितलं, आजपासून हे घालायचे. नातवासाठी त्यांनी मुलाला एक ब्लँकेट आणायला सांगितलं. वाघाचं चाललं.

परवा नाना मला मंडईच्या कोपऱ्यावर भेटले. अंगात फिका निळा शर्ट होता. बारा-पंधरा वर्षांपूर्वीच्या पोटाच्या मापाचा. मधली दोन बटणं काजाला कशीबशी धरून होती आणि नाना श्वास जपून घेत होते. एरवी बोलताना ते कालव्याच्या कडेला उभं राहून पलीकडच्याशी बोलावं तसं ओरडतात. आज कुजबुजत होते. मी म्हटलं, नाना, हा कशाला घालता, गुदमराल.

नानांनी एकदा मागे वळून आळीकडे पाहिलं.

"सकाळी तिनं इचारलं, लई घट व्हतोय का म्हनून," ते म्हणाले. "म्हनलं, छ्या. सैल हाये, उलट."

मग त्यांनी पोट आणखी आत ओढलं, पिशवी काखेत मारली आणि मेथी बघायला गेले.